परलोकाची कादंबरी आणि किनाऱ्यावरचा विस्तव

शास्त्रपाठ : योहान २१:१-१४, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८



कोलकाता शहरातील २ नोव्हेंबरची संध्याकाळ ज्याने पाहिली आहे, त्याला ती सहसा विसरता येत नाही. पूर्वी ज्याला लोअर सर्क्युलर रोड म्हणत, त्या आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावरील ख्रिस्ती कबरस्तानात त्या दिवशी माणसे सहकुटुंब येतात. थडगी धुतली जातात, त्यांवर झेंडूच्या माळा चढतात आणि अंधार पडू लागला की मेणबत्त्या लागतात. १८७३ साली निवर्तलेले बंगालीचे महाकवी मायकेल मधुसूदन दत्त येथेच विसावले आहेत; परंतु त्या दिवशी लोक येतात ते महाकवीसाठी नव्हे, आपापल्या माणसांसाठी.

आपल्याकडील बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा दिवस पाळण्याची रीत नाही. आपण कबरस्तानात जातो ते मुख्यतः ईस्टरच्या पहाटे. मीही त्याच वळणात वाढलो. काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या तपासणीनिमित्त माझा मुक्काम कोलकात्यात होता. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी त्या संध्याकाळी तेथे गेलो, तेव्हा माझ्या मनात थोडा परकेपणा होता आणि, खरे सांगायचे तर, थोडा शिष्टपणाही होता.

तेथून आम्ही जवळच्या एका घरी गेलो. महिन्यातून एकदा दहा-बारा ख्रिस्ती माणसे त्या घरी जमत आणि आधी वाचून आणलेल्या पुस्तकावर बोलत. बंगालीत याला 'पाठचक्र' म्हणतात. त्या महिन्याचे पुस्तक, दिवसाला साजेसे म्हणून निवडलेले, विभूतिभूषण वंद्योपाध्याय यांची 'देवयान' ही कादंबरी होती.

'पथेर पांचाली'चे लेखक म्हणून विभूतिभूषण आपल्याला परिचित आहेत. त्यांनी परलोकावरही कादंबरी लिहिली, हे मात्र महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नसते. 'देवयान' प्रसिद्ध झाली १९४४ साली. त्याच्या आदल्या वर्षी बंगालात दुष्काळ पडला होता आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरून पडत होती. लेखकाची स्वतःची पहिली पत्नी लग्नानंतर थोड्याच काळात मरण पावली होती आणि तेव्हापासून परलोकविद्येची ओढ त्यांना लागली होती. म्हणजे हे पुस्तक हौसेखातर लिहिलेले नव्हे. कथा थोडक्यात अशी : आजारी आणि एकाकी जतीन मरतो आणि डोळे उघडतो तो लहानपणीच वारलेली त्याची मैत्रीण पुष्पा त्याला न्यायला आलेली असते. तिने परलोकात आपल्या मनाच्या बळावर त्यांच्या बालपणीचा गंगेचा घाट जसाच्या तसा उभा केलेला असतो. इकडे पृथ्वीवर जतीनची पत्नी आशा वाट चुकते आणि मृत्यूनंतरही खालच्या अंधाऱ्या स्तरांत भटकत राहते. वरच्या लोकातील सुख जतीनला गोड लागत नाही. त्याचे मन आशेकडे धावते. पुनर्जन्माची ओढही त्याला पुन्हा पृथ्वीकडे खेचते. 'देवयान' हे नाव उपनिषदांतले आहे : देवांकडे नेणारा मार्ग.

कॉफी आली आणि मते सुरू झाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका बॅप्टिस्ट गृहस्थांनी अनुवादाचा अठरावा अध्याय उघडून ठेवलाच होता. मृतांना विचारणाऱ्यांचा देवाला वीट आहे, एन-दोरच्या बाईकडे गेलेल्या शौलाचे काय झाले ते आपण जाणतो, तेव्हा असले पुस्तक ख्रिस्ती घरात नको, असे त्यांचे म्हणणे. महाविद्यालयात शिकवणारी एक तरुणी हसून म्हणाली, की कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचावी. तिच्यातील नदीचे वर्णन सुंदर आहे, एवढे पुरे. एका वडीलधाऱ्या सभासदांना कर्माप्रमाणे वरखाली चढणारे ते स्तर आपल्या शिकवणीच्या जवळचे वाटले. मला ते मुळीच वाटले नाहीत. वधस्तंभावरील चोराने कोणत्या कर्माच्या पायऱ्या चढल्या होत्या?

असा वाद नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८६८ साली, एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या तरुण लेखिकेने 'द गेट्स अजार' ही कादंबरी लिहिली. युद्धात ज्यांचे पुत्र, भाऊ, पती गेले होते, त्या स्त्रियांसाठी ती होती. तिच्यातील स्वर्गात घरे होती, पियानो होते, मुलांसाठी आल्याची बिस्किटेही होती. धर्मपंडित संतापले, मार्क ट्वेनने पुढे टिंगल केली, आणि शोकात असलेल्या स्त्रियांनी ते पुस्तक उशाशी ठेवले. सी. एस. लुईस यांनी मात्र १९४५ च्या 'द ग्रेट डिव्होर्स' या आपल्या परलोककथेच्या आरंभीच बजावले, की परलोकाची माहिती म्हणून हे वाचू नये. शहाणा माणूस! पण शोकात असलेला वाचक प्रस्तावना वाचत नाही.

मग एक बाई बोलल्या. त्या आपल्या नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. परिचारिका म्हणून तरुणपणी कोलकात्याला आल्या आणि तेथेच राहिल्या. इतका वेळ त्या बंगालीत बोलत होत्या. माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या,

"भाऊ, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. तापानं गेला, चार दिवसांत. मातीच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, तो प्रभूजवळ आहे, रडू नका. मी रडले नाही. सगळे म्हणाले, बाईंचा विश्वास बघा! पण प्रभूजवळ म्हणजे कुठं? तो तिथं करतो काय? हे मला कुणी सांगितलं नाही. या पुस्तकात निदान घाट आहे, पायऱ्या आहेत, कुणीतरी वाट बघत बसलंय. मी तीनदा वाचलं. ते खरं नाही, हे मला कळतं. तरी वाचलं."

वाचकहो, यावर मी काय केले? मी शब्दार्थ सांगितला. लूककृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात येशू त्या चोराला ज्या ठिकाणाचे अभिवचन देतो, त्याला मूळ ग्रीकमध्ये 'पॅरादेइसॉस' हा शब्द आहे, तो मूळचा पर्शियन आहे, त्याचा अर्थ भिंतीने वेढलेली बाग, हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेलाही हाच शब्द आहे, वगैरे वगैरे. बाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले,

"बाग, तर मग आपल्या मराठीत 'सुखलोक' कुठून आला?"

"भाषांतर करणाऱ्यांनी घातला."

"म्हणजे तुम्हीच."

"होय बाई, आम्हीच."

त्या काही लावून बोलल्या नव्हत्या. पण त्या रात्री मला झोप आली नाही. खालच्या आणि वरच्या स्तरांची शिडी विभूतिभूषणांच्या पुस्तकात आहे म्हणून आम्ही नाके मुरडीत होतो. पण तिचे दोन टप्पे आमच्याच शास्त्रात आम्हीच रचलेले नाहीत काय? अधोलोक आणि सुखलोक. मराठी कानाला 'लोक' म्हटले की इंद्रलोक, पितृलोक, पाताळलोक ऐकू येतात. हिब्रू 'शीओल' म्हणजे सर्व मृत जेथे जातात ते मूक स्थान; ग्रीक 'हादेस' त्याच्याच जवळचा. त्याला 'अधोलोक' म्हटले की तो तळमजला होतो, आणि तळमजला आला की वरचे मजले आपोआप आले. मी पूर्वसूरींना दोष देत नाही. 'तू आज बागेत असशील' असे लिहिले असते, तर खेड्यातील श्रोत्याने 'कोणाच्या बागेत?' असेच विचारले असते. 'सुखलोक' हा गोड शब्द आहे आणि त्याने पुष्कळांना शेवटच्या घटकेला धीर दिला आहे. परंतु प्रत्येक शब्द आपले जुने घर पाठीवर घेऊन येतो, हे भाषांतर करणाराने विसरू नये.

पंडिता रमाबाईंना हे ठाऊक होते. १८७८ साली याच शहरातील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाने थक्क होऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले, तेव्हा हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. साध्या बाईला कळावे, एवढाच त्यांचा हेतू. काम संपत आले असता जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी आईने काम शेवटास नेले. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर छापून निघाले. पुनरुत्थानाविषयीची वचने शेवटच्या महिन्यांत तपासताना त्या माउलीचे डोळे कोणत्या शब्दावर थांबले असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

कोलकात्याहून हुगळीच्या काठाने वर गेले की श्रीरामपूर लागते. १८०५ साली मत्तयाचे मराठी शुभवर्तमान छापले गेले ते तेथे, विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात. त्या कॅरींनीही १७९४ साली उत्तर बंगालात आपला पाच वर्षांचा पीटर गमावला होता. गावात थडगे खणायलाही माणसे मिळेनात, इतका तो शोक एकाकी होता. म्हणजे आपल्या मराठी शास्त्राला पहिल्यापासून मुलांच्या मरणाची ओळख आहे. आणि तरीही आपण व्यासपीठावरून 'रडू नका' असे सांगतो!

पौलाने ते सांगितलेलेच नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही विश्वासणारे वारले होते आणि मागे राहिलेल्यांना धास्ती पडली होती. त्यांना तो लिहितो, की ज्यांना आशा नाही अशा इतरांप्रमाणे तुम्ही खेद करू नये. ग्रीक वाक्याचा सारा भर 'इतरांप्रमाणे' या पदावर आहे. खेदाला मनाई नाही; आशाहीन खेदाला आहे. लाजराच्या गावी मरीया आक्रोश करीत होती, त्यासाठी योहानाने एक क्रियापद वापरले आहे, आणि येशूसाठी दुसरे, नुसते अश्रू ढाळण्याचे. आक्रोश निराळा आणि अश्रू निराळे, पण दोन्ही त्या वाटेवर होते आणि प्रभूने तिला गप्प केले नाही. त्या बाईंना आपण गप्प केले. त्यांनी तीनदा जे पुस्तक वाचले, ते आपल्या गप्प करण्यामुळे वाचले.

बॅप्टिस्ट गृहस्थांचे म्हणणे मात्र मला खोडायचे नाही. मृतांना विचारू नये, ही आज्ञा आज्ञाच आहे, आणि जेथे कादंबरी सोडून माणसे खरोखर तबकडी फिरवू लागतात तेथे ती मोठ्याने सांगितली पाहिजे. परंतु आज्ञा विचारण्याला आहे, आठवण येण्याला नाही. दाविदाचे मूल वारले तेव्हा तो म्हणाला, की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. बापाच्या तोंडचे हे बोल शास्त्राने जपून ठेवले आहेत.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ : तो तिथे करतो काय? बेथानीचा लाजर चार दिवस कबरेत होता. तो बाहेर आला, त्याच्याबरोबर लोक जेवायला बसले, पण त्याने काय पाहिले याचे एक अक्षरही योहानाने लिहिले नाही. पौल सांगतो, की चौदा वर्षांपूर्वी एक मनुष्य तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला. तो आपल्याच विषयी बोलत आहे, हे उघड आहे. तेथे ऐकले ते उच्चारता येण्याजोगे नाही, एवढेच तो म्हणतो आणि पुढच्या वाक्यात आपल्या अशक्तपणाकडे वळतो. जो खरोखर जाऊन आला, त्याने कादंबरी लिहिली नाही.

त्याऐवजी शास्त्र एक अगदी लहान शब्द देते. चोराला अभिवचन मिळते त्यात बाग आहे खरी, पण तिच्याआधी 'माझ्याबरोबर' आहे. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलाची इच्छा आहे ती ख्रिस्ताबरोबर असण्याची. थेस्सलनीकाकरांना तो सांगतो, की आपण सदासर्वकाळ प्रभूबरोबर राहू. ग्रीकमध्ये एके ठिकाणी 'मेता' आहे, दोन ठिकाणी 'सून'. मराठीत तिन्ही ठिकाणी 'बरोबर' चालते. शाळेच्या व्याकरणात याला शब्दयोगी अव्यय म्हणतात. त्याला एकट्याने उभे राहता येत नाही. ते कोणाला तरी जोडूनच येते. ठिकाणाचे नाव सांगण्याऐवजी देवाने आपल्याला हे अव्यय दिले. मी तीस वर्षे अव्ययांचा हिशोब ठेवीत आलो, पण याचे वजन मला त्या पाठचक्रानंतर कळले.

'बरोबर' म्हणजे केवळ ख्रिस्त आणि मी, मधे दुसरे कोणी नाही, असेही नव्हे. थेस्सलनीकाच्या पत्रात आधी निजलेले आणि मागे राहिलेले एकत्र घेतले जातात, मग प्रभूची भेट आहे. आई आणि मुलगा एकमेकांना ओळखतील काय? पुनरुत्थित प्रभूला मग्दालीया मरीयेने प्रथम माळी समजले. तिला तिच्या नावाने हाक आली तेव्हा ओळख पटली. म्हणजे ओळख आहे, पण ती आपल्या डोळ्यांच्या जोरावर नाही. हाक तिकडून येते. यापेक्षा अधिक सांगायला मी धजत नाही.

'देवयान'मधील एक गोष्ट मात्र मला आजही अस्वस्थ करते : जतीनला आशेवाचून स्वर्ग नको वाटतो. सदूकींनी येशूला हाच प्रश्न चेष्टेने विचारला होता. सात भावांची एक बायको, मग पुनरुत्थानात ती कोणाची? कादंबरीत एकाच्या दोन बाजूंना दोघी आहेत, आणि लेखक चेष्टा करीत नाही. प्रभूने तेथे विवाहाचा हिशोब मोडून काढला आणि देव जिवंतांचा देव आहे, या एका गोष्टीवर बोट ठेवले. परंतु हरवलेल्या माणसासाठी खाली धाव घेणारे ते प्रेम मला खोटे म्हणवत नाही. आपल्या भावांसाठी स्वतः शापभ्रष्ट व्हायला तयार असलेला पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात भेटतो. फरक इतकाच, की जतीन खाली जातो खरा, पण त्याला आशेला वर आणता येत नाही; तोच पुन्हा चाकात ओढला जातो. प्रेषितांच्या मतांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो, की तो अधोलोकात उतरला. मतांगीकार तेथे थांबत नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला, हेही आपण त्याच श्वासात म्हणतो.

दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मी बाईंना भेटलो आणि प्रथम क्षमा मागितली. मग म्हटले, "बाई, घाट मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. शास्त्रातही एक किनारा आहे. योहानाचा एकविसावा अध्याय तुम्हीच वाचा."

मंदिराच्या पायरीवर बसून त्यांनी वाचला. आपणही, वाचकहो, वरचा शास्त्रपाठ येथे थांबून वाचावा. रात्रभर जाळे टाकून हात रिकामे. उजाडताना किनाऱ्यावर कोणी उभा आहे, आणि तो कोण हे त्यांना कळत नाही. मग जाळे भरते, पेत्र पाण्यात उडी घेतो, आणि काठावर येऊन पाहतो तो कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली, शेजारी भाकर. पुष्पाचा घाट तिच्या मनाने रचलेला होता. मन विरले की तो विरणार. येथे खिळ्यांचे वण असलेले हात निखारे फुंकीत आहेत. मरणातून आलेला प्रभू भुकेल्या माणसांसाठी न्याहारी करीत आहे. मुलगा तिथे काय करतो, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. तो ज्याच्याबरोबर आहे तो काय करतो, हे मात्र लिहिलेले आहे.

बाईंनी वाचन संपवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांना रडू आले, मोठ्याने, आणि मंदिरातून बाहेर पडणारी माणसे थबकली. मी त्यांना गप्प केले नाही. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारले,

"मासा कोणता होता, भाऊ?"

"ते लिहिलेलं नाही, बाई. ग्रीक शब्द भाकरीबरोबर खायच्या लहान माशाचा आहे, तेवढंच कळतं."

"लहान होय?" त्या म्हणाल्या. "लहानच आवडायचा त्याला. मोठ्याला काटे फार म्हणायचा."